गाव डाव्या हातात

बाळाची डावी मूठ उघडत नाही, म्हणून मी फिजिओथेरपीच्या रांगेत बसले होते. शेजारी जन्मभर हॉटेलात पियानो वाजवलेले, लकव्यानं डावी बाजू गेलेले एक आजोबा आणि त्यांना समजावणारी त्यांची बायको.

"उजवा शाबूत आहे ना? त्यानं वाजवा."

"उजव्यात नुसतं गाणं असतं गं. ते सगळीकडे तेच. गाव डाव्यात असतं."

"म्हणजे कसं?"

"बंदराकडची माणसं आली की त्याच गाण्याखाली डावा हेलकावे घ्यायचा. डोंगराकडची आली की दुडक्या चालीनं धावायचा. जेवता जेवता माणूस थांबायचा. म्हणायचा, हे आमच्याकडचं."

"आणि मिळालेली बक्षिसी मला कळू द्यायचा नाहीत."

"आता काय, सगळेच परके."

"असं नका बोलू. डोळे मिटा बघू. माझ्या माहेरचा ठेका तुमच्या डाव्या मांडीवर धरते. तोच वाजवून फशी पाडलंत ना मला? त्यावर उजवा चालवा."

"बरं."

"चालवा ना."

"तू धर तरी आधी."

"अहो, कधीचा धरलाय."