धनराजचं पडणं

दीपिका: हात हलवू नको, दादा. मधल्या बोटाच्या नखावर पाण्याचा एक थेंब ठेवला. पाहा, तिथंच थांबला. ओघळला नाही.

धनराज: थांबला तं थांबला. त्याचा पंचनामा काऊन करून राह्यली?

दीपिका: आता माझ्या नखावर ठेवते. हा पाहा, गेला. चांगलं नख फुगीर असते, पाणी घसरते. तुझं वाटीसारखं खोल झालं.

धनराज: वाटी म्हन, परात म्हन. लोकाच्या बहिनी डबा घेऊन येतात. माह्यी बहीन सकाळी साडेनऊले येते अन् भावाच्या नखात पानी भरते!

दीपिका: डबा आणला असता तर खाल्ला किती असता? चार घास.

धनराज: सहा. मोजून खातो मी.

(गोंडपिपरी. धनराजच्या घरचा ओटा. ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करणारी त्याची धाकटी बहीण दीपिका समोर बसली आहे. ड्रॉपर, चष्मा आणि रक्ताचा रिपोर्ट तिनं आठवणीनं आणला. भावाला ऐकवायचं रागाचं भाषण मात्र त्याचा चेहरा पाहताच विसरली. कोपऱ्यात खुर्चीवर कापूस भरलेलं भलंमोठं खोटं पोट उन्हात वाळत ठेवलं आहे.)

दीपिका: खालची पापणी ओढ. हं. लाल दिसाले पाहिजे, तिथं पांढरं आहे. दम किती दिवसांपासून लागते?

धनराज: कोनाले दम लागते?

दीपिका: ओट्याले पायऱ्या तीन. तू दोनदा थांबला. आता बसल्या जागी नाडी एकशे बारा.

धनराज: तू आली ना, आनंदानं उडून राह्यली.

दीपिका: मग हे पाहा. मोबाइलवर. आमच्या लॅबमधल्या पोरींनी दाखवलं मले. हसून हसून लोळत होत्या.

धनराज: अरे वा! हे तं ब्रह्मपुरीकडलं. दिवसभर शंकरपट, बैलं पळून दमले, मंग आपलं नाटक. पब्लिक पाह्य. हा मी आलो. आता पडतो पाह्य... पडलो! काय पडलो यार!

दीपिका: मी बारा वेळा पाह्यलं. शेवटी आवाज बंद करून.

धनराज: एवढं आवडलं?

दीपिका: माणूस खोटं पडते तेव्हा हात आधी पुढे येतात. तुझे हात अंगालेच चिकटून होते. लाकूड पडावं तसा पडला तू. पोटाले ते कापसाचं ओझं बांधलेलं नसतं तर नाक फुटलं असतं.

धनराज: ...कापूस कामी आला म्हनायचा.

दीपिका: किती वेळ शुद्ध नव्हती?

धनराज: आता तुले काय लपवू? मले का मालूम किती वेळ. डोळे उघडले तं पाच हजार लोक ‘वन्स मोअर’ करून राह्यले.

दीपिका: अन् तू काय केलं?

धनराज: दिला ना वन्स मोअर! मायबाप पब्लिक हाय. उठलो अन् पुन्हा पडलो. दुसऱ्या खेपेले नाटक होतं, म्हून पह्यल्यासारखं नाई जमलं.

दीपिका: दादा!

धनराज: ओरडू नको. वामनरावले एवढं पसंद आलं का त्यानं ते नाटकातच टाकलं. कंपनीचा मालक हाय, त्याचीच चालते. आता दुसऱ्या अंकात रोज पडतो मी. पोस्टरवर भी छापलं, ‘पाहायला विसरू नका, धनराजचं पडणं’. फोटो जुना टाकला, एकशे बेचाळीस किलोवाला.

दीपिका: अन् त्यानंतर खरं किती वेळा पडला?

धनराज: ते सांगता येत नाई.

दीपिका: म्हणजे?

धनराज: म्हंजे पडाले सुरुवात तं मीच करतो. कधीकधी पुढचं आठवत नाई.

दीपिका: म्हणजे मधेच शुद्ध जाते तुझी.

धनराज: अशी नको पाहू. तू पाह्यली का मले भेव वाटते. घे, तांदूळ खा.

दीपिका: कच्चे? खिशात?

धनराज: इच्छा होते यार. कुरूम कुरूम. विंगेत भी चावतो. अन् गंमत सांगू? कंपनीतल्या पोट्ट्यांले वाटते हा माह्या मंत्र हाय. त्यातल्या सुरजनं चालू केलं, आता एन्ट्रीच्या आधी सारे तीन तीन दाने चावतात. आमच्या हिरोइनचा दात हालून राह्यला.

दीपिका: तो मंत्र नाही, लक्षण आहे. अंगातलं लोह कमी झालं की कच्चे तांदूळ, माती, बर्फ खावं वाटते. आमच्याकडे गरोदर बाया येतात, पदरात तांदूळ बांधून.

धनराज: मंग मले कितवा महिना हाय?

दीपिका: हसवू नको. मी रागावली आहे. ऑपरेशननंतर लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या घेतोस?

धनराज: एक दिवस चुकवत नाई. लोहाची एक, कॅल्शियमची एक, ताकतीची एक. तिन्ही तोंडात टाकतो, वरून गरम चहा. खेल खतम.

दीपिका: चहासंगं? अन् कॅल्शियमबरोबर?

धनराज: मंग का तिघींची अलग अलग पूजा करू?

दीपिका: हो, अलगच करायची. चहा लोहाले पकडून ठेवते, कॅल्शियम त्याची वाट अडवते. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा लागते. अन् तुझं ऑपरेशन कोणतं झालं आठव. पोटाची पिशवी लहान केली, अन् आतड्याचा सुरुवातीचा भाग वाटेतून काढला. खाल्लेलं अन्न आता तिथून जातच नाही. लोह जास्त करून तिथंच रक्तात जाते. म्हणजे तुले आधीच कमी मिळणार होतं, त्यात तू चहा पाजला.

धनराज: दीड वर्ष बराबर गिळल्या मी त्या गोळ्या!

दीपिका: गिळल्या. अंगाले फार थोड्या लागल्या.

धनराज: डॉक्टरनं कागद देला होता, त्यात असंन लिहून. कागद मोठा होता वो. नाटकाची संहिता दे, दोन दिवसांत पाठ. तो कागद काही वाचून झाला नाई.

दीपिका: सोमवारी तुझं रक्त नेलं मी. रिपोर्ट पर्समध्ये आहे. येऊन अर्धा तास झाला, तू विचारलं नाही.

धनराज: तू सांगशीनच ना.

दीपिका: हिमोग्लोबिन सात पॉइंट चार. ऑपरेशनच्या आधी साडेतेरा होतं.

धनराज: मी भी तं अर्धा झालो. एकशे बेचाळीसचा एक्क्याऐंशी. माणूस अर्धा तं रक्त अर्धं.

दीपिका: असा हिशेब नसते, दादा. बारीक माणसालेही पुरं रक्त लागते. डॉक्टरशी बोलली मी. आता गोळ्यांनी भागणार नाही. शिरेतून लोह द्या लागते, सलाइनसारखं. आज एकदा, मग पुढच्या आठवड्यात. चंद्रपूरले बारा वाजताची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त भरेपर्यंत तीन आठवडे तरी स्टेजवर जायचं नाही.

धनराज: आज? आज चिमूरकडे प्रयोग हाय!

दीपिका: दवाखान्यात यायचं तू टाळतोस, ही चौथी वेळ आहे. पहिल्यांदा शंकरपटाचा प्रयोग होता. दुसऱ्यांदा कोणत्या गावच्या मंडईची जत्रा होती. तिसऱ्यांदा तू फोन बंद करून ठेवला.

धनराज: बॅटरी गेल्ती.

दीपिका: दोन दिवस?

धनराज: ...तुले लोकेश मालूम हाय?

दीपिका: कोण? तो तुमच्यातला नवा?

धनराज: तोच. शिपायाचा पार्ट करते, दोन वाक्याचा. पन मी स्टेजवर असलो का तो विंगेत उभा राहून ओठ हालवते. माह्या पुरा पार्ट पाठ हाय त्याले. अन् एकशे वीस किलोचा हाय, अस्सल. त्याले कापूस लागत नाई.

दीपिका: मग आज त्याले करू दे.

धनराज: कसं करू दे? तुह्या दवाखान्यात सुट्टी संपली का खुर्ची जागेवर असते. इथी तसं नाई. एक डाव पब्लिक त्याच्यावर हसली ना, पुढच्या गाववाले विचारतात, तो जाड्या येनार का? तीन आठवड्यात सीझन अर्धा होते. मंग धनराज कोन अन् कुठचा?

दीपिका: वीस वर्षं हसवलं तू.

धनराज: पोटानं हसवलं. मी नुसता आलो तरी हसत होते. वहिनीले विचार तुह्या. शुगर वाढली, गुडघे गेले, म्हून ऑपरेशन केलं, बराबर केलं. पन पोट गेलं दीपे. हे कापसाचं बांधतो तं मलेच खोटं वाटते. आता एक पडनं तेवढं उरलं माह्यापाशी. ते भी लोकेशले देऊ?

दीपिका: मोबाइल इकडे आण.

धनराज: पुन्हा पाह्यतं का?

दीपिका: पाहत नाही, ऐकते. डोळे मीट. हे तुझं पहिलं पडणं, खरं. हसू किती वेळ टिकलं?

धनराज: मले का मालूम!

दीपिका: चार सेकंद. मग लोक थोडे गप्प झाले, मागून कोणी ‘वन्स मोअर’ ओरडलं, मग सारे ओरडले. आता हे दुसरं. ऐक.

धनराज: ...हसून राह्यले.

दीपिका: अजून.

धनराज: अजून हसून राह्यले.

दीपिका: अकरा सेकंद. मी घड्याळ लावून मोजलं. दुसऱ्या वेळी पडायच्या आधी तू काहीतरी केलं. पब्लिककडे पाह्यलं, अन् जमिनीवर जागा झाडून घेतली.

धनराज: हौ, झाडली. म्हटलं, पडायचंच हाय तं साफ जागेवर पडू.

दीपिका: ते पोटानं सुचवलं?

धनराज: नाई...

दीपिका: कापसानं?

धनराज: गप वो.

दीपिका: बेशुद्ध होता तेव्हा चार. शुद्धीत होता तेव्हा अकरा. मले नाटकातलं समजत नाही, दादा, पण आकडे समजतात.

धनराज: लय शिकली तू. थांब, फोन वाजून राह्यला. वामनराव! आता काय बोलू?

दीपिका: जे असेल ते. स्पीकरवर ठेव.

वामनराव: प्रणाम, हास्यसम्राट! मायबाप रसिक आतुर झाले आहेत! गाडी साडेअकराले पाठवून राह्यलो, पोट घेऊन तयार राहा. अन् ऐका, आयोजकांची खास फर्माईश आहे. आज दोनदा पडायचं. दुसऱ्या अंकात एक, तिसऱ्यात एक.

धनराज: वामनराव, ते ब्रह्मपुरीकडलं पडनं नाटक नोहोतं.

वामनराव: तेच तर! नाटक वाटतच नाई! यालेच कला म्हणतात, धनराजभाऊ.

धनराज: तसं नाई. मले चक्कर आली होती. बेहोश झालो होतो मी.

वामनराव: ...काय बोलता? मी तर विंगेत उभा राहून टाळ्या वाजवत होतो!

धनराज: मालूम हाय. तुम्ही एकटेच नोहोते.

वामनराव: अरे देवा. अरे देवा रे. मग... मग आज एकदाच पडा. हळू पडा. खाली गादी टाकतो.

दीपिका: काका, मी दीपिका, त्याची बहीण. हिमोग्लोबिन सात पॉइंट चार आहे त्याचं. त्याले आज दवाखान्यात न्यायचं आहे.

वामनराव: ताई, आकडा मले समजत नाई, पण तुमच्या आवाजावरून समजलं. पण मी काय करू? गावोगावी भोंगा फिरला, नाव छापलं, बैलबंड्या निघाल्या असतील. मी जबरदस्ती करणार नाई. धनराजभाऊ, तुम्हीच बोला. काय करायचं?

धनराज: लोकेश कुठी हाय?

वामनराव: इथीच आहे. भजे खाऊन राह्यला.

धनराज: त्याले हात धुवाले सांगा, वामनराव. आज माह्या पार्ट तो करन.