बस आली की संपणारं गाणं

–अगं, अख्ख्या देशात माझ्यासारखा पियानो वाजवणारा दुसरा नाही! म्हणजे आहेत. सकाळी सूर जुळवायला आलेला माणूससुद्धा माझ्यापेक्षा बरं वाजवून गेला – त्याला गाता येत नाही, एवढंच माझं नशीब. हस की! निदान तोंड तरी इकडे कर. पर्समध्ये काय शोधतेस मघापासून?

ऐक. तालमीत काय झालं – चाळीस वादक, प्रत्येकापुढे कागद, आणि तो काडी हलवणारा मला विचारतो, ‘शेवटचं कडवं किती वेळा?’ मला काय माहीत! बस येईपर्यंत! थांब्यावर लोक उभे आहेत तोवर गायचं, बस वळणावर दिसली की दोन ओळींत गुंडाळायचं, म्हणजे चढायच्या आधी टाळ्या पडतात. कोणी शिकवलं हे मला? कोणी नाही! बरं, वळण तुला दिसायचं, हे मान्य. मी हातगाडीवरच्या पियानोत डोकं खुपसून, तू कोपऱ्यावर. तू धावत येऊन लाकडावर दोन थापा मारायचीस, मी आवरतं घ्यायचो. तो रेकॉर्डिंगवाला बस सोडून ऐकत राहिला नि दिवस पालटले, तरी थापा तुझ्याच – स्टुडिओत, छोट्या कार्यक्रमांत, सगळीकडे. म्हणजे संपवायचं मला कधी – जाऊ दे.

सकाळी एकच गाणं अठरा मिनिटं चाललं. अठरा! व्हायोलिनवालीचा हात भरून आला, ट्रम्पेटवाला बाहेर जाऊन चहा पिऊन आला, मी आपला गोल गोल फिरतोय घाण्याच्या बैलासारखा. आणि अर्ध्या तासात पडदा वर! म्हणून म्हणतो, तुझी खुर्ची ठेवायला सांगितलीय, पियानोमागे, कोणाला दिसणार नाहीस अशी – बरं बाई, दिसशील अशी! त्या मुलाखतीचंच धरून बसलीस ना? अगं, त्यांनी विचारलंच नाही तुझं – म्हणजे विचारलं. ‘साथ कोणाची?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘एकट्यानं केलं सगळं.’ चेष्टेत गं! आयुष्यभर चेष्टा केली, हीच कशी लागली? दोन थापा मारायला तुझं काय जातंय?

“पंचवीस वर्षं तुमच्याकडे पाठ करून आधी रस्ता, मग घड्याळ बघत उभी होते मी. एक गाणं धड ऐकलं नाही. हे बघा, सापडलं तिकीट. आज पुढच्या रांगेत बसून ऐकणार आहे. संपवा, नाहीतर चालू द्या.”