सूचक मी, अनुमोदक कोण?

...नाही, कायद्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कायदा चांगलाच आहे, तुम्हाला सांगतो, सरकारनं कारभार सुधारायचा म्हणून एका दमात तीन-चार नवे कायदे केले, त्यातला हा सगळ्यात चांगला, पण चांगला कायदा चालवायला माणसं नकोत का? म्हणजे मी आहे. मी आहेच हो. पण एकट्या माणसानं लोकशाही किती चालवायची, याला काही मर्यादा?

कायदा साधा आहे. दर महिन्याला प्रभागातल्या लोकांची सभा घ्यायची, तीही प्रभागातच, आणि सभेनं जो ठराव केला, दिवा म्हणा, गटार म्हणा, तो नगरपालिकेनं अमलात आणायचा. 'आणावाच लागेल' असं लिहिलंय, 'प्रयत्न करण्यात येईल' असं नाही! गल्लीतून लाऊडस्पीकरची गाडी फिरली, तेव्हा मी मुद्दाम खिडकीत उभं राहून ऐकलं, कारण ते माझंच काम, बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात माझी सगळी नोकरी गेली. या गाडीतल्या बाई वाक्याचा शेवट गिळत होत्या. 'नागरिकांनी मोठ्या संख्येनं उपस्थित...' आणि पुढे काहीच नाही. उपस्थित काय? राहावं की राहू नये? लोकांनी आपल्या सोयीचं ऐकलं, दुसरं काय.

मी मात्र खिडकीतच ठरवलं, बाक मागायचा.

आता बाकाचं सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको, हा माणूस एका बाकासाठी एवढा का बोलतोय. आमच्या गल्लीचा चढ जिथे संपतो तिथे कोपऱ्यावर एक बाक होता. बायकोला दम लागायचा, छातीचं दुखणं होतं तिला, बाजारातून येताना ती तिथे टेकायची आणि शेजारी मी, मांडीवर पिशव्या घेऊन. मग पाइप टाकायला रस्ता खणला, बाक उचलून नेला, पाइप पडले, रस्ता बुजला, बाक गेला तो गेलाच. मग ती औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसायला लागली. दुकानदार माणूस चांगला, 'बसा काकू' म्हणायचा, पण गिऱ्हाईक आलं की हिनं उठायचं, गिऱ्हाईक गेलं की बसायचं. मी म्हणायचो, 'थांब, मी आणवतो बाक.' त्यावर ती म्हणायची, 'तुम्ही बाक आणवणार? आधी घरातल्या गळक्या नळाचं बघा.' नळाचं मी बघितलं. बाकाचं राहिलं, आणि ती गेली.

तर सभा. सभा शाळेच्या वर्गात, पहिली 'अ', आणि बसायला पोरांची ती बुटकी बाकं. बसलो तर गुडघे हनुवटीला. समोर पालिकेच्या सचिवबाई, शांत बाई, पुस्तकात खूण घालून आलेल्या. आम्ही दोघंच. बराच वेळ दोघांनीही दाराकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, 'गणपूर्ती नाही. पुरेशी माणसं नाहीत. सभा अर्धा तास तहकूब.' मी म्हटलं, 'आणि मग?' 'तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग आहेत तेवढ्यांत चालते.' म्हटलं, 'एकट्यात?' त्यांनी पुस्तक बघितलं. 'उपस्थित सदस्य, एवढंच म्हटलंय.'

म्हणजे मीच सभा! आणि अध्यक्ष कोण, तर उपस्थितांमध्ये वयानं ज्येष्ठ असेल तो. म्हणजे तोही मीच. दोन्हीकडे सारखी मतं पडली तर अध्यक्षाचं मत निर्णायक, असंही बाईंनी वाचून दाखवलं. मी अध्यक्षांच्या खुर्चीत बसलो, ती तरी मोठ्या माणसाची होती. मग उठून बाकाजवळ गेलो आणि म्हटलं, 'अध्यक्ष महाराजांच्या परवानगीनं.' परत खुर्चीत येऊन म्हटलं, 'बोला, पण थोडक्यात.' आणि बोललो हो, काय बोललो! चढ, दम, पायरी, पाइप, सगळं. आयुष्यभर माइकवर बोललो, समोर शेकडो माणसं, पण तिथे उत्तर द्यायची पद्धत नाही. उत्तर घरी मिळायचं. 'अहो, हे घर आहे, स्टँड नाही, हळू बोला.' त्या दिवशी वाटलं, कोणी तरी म्हणावं, हळू बोला.

बाईंनी सगळं लिहून घेतलं, पेन वर केलं आणि म्हणाल्या, 'सूचक तुम्ही. अनुमोदक कोण?'

मी मागे वळून बघितलं. फळ्यावर एक अर्धवट पुसलेली बेरीज होती.

म्हटलं, तुम्हीच द्या की अनुमोदन. 'मी कर्मचारी, मला नाही चालत.' अध्यक्षांनी दिलं तर? 'अध्यक्षही तुम्हीच ना काका? माणूस दुसरा हवा.' अगदी हळू म्हणाल्या, पण ते वाक्य घेऊनच मी घरी आलो. माणूस दुसरा हवा. कायद्याला हवा तसा मलाही हवाच आहे की, पण मला तो कोण मंजूर करून देणार?

तुम्हाला सांगतो, आमच्या घरात ही अडचण कधीच नव्हती. घरात बायकोनं माझ्या एकाही म्हणण्याला 'हो' म्हटलं नाही. पंखा इथे लावू? नको. या रंगाचा पडदा? शी. पण बाहेर, चार माणसांत मी काही बोललो की माझं वाक्य संपायच्या आत, 'हे म्हणतात ते बरोबर आहे.' खात्रीचं अनुमोदन! घरी आल्यावर विचारायचो, खरंच पटलं तुला? 'छे, काहीतरीच बोलत होतात. पण तुम्हाला एकटं पाडायचं का तिथे?'

मग निघालो अनुमोदक शोधायला, दारोदार. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'काका, छान कल्पना, ग्रुपवर टाका ना.' टाकली. सतरा अंगठे आले. अंगठे चालत नाहीत, माणूस यावा लागतो. औषधवाला म्हणाला, 'काका, काकूंसाठी आलोच असतो हो, पण माझं दुकान इथे, घर पलीकडच्या प्रभागात.' मुलगा विमानाच्या अंतरावर असतो, त्याला फोन केला. 'बाबा, माझा फुल सपोर्ट आहे तुम्हाला.' म्हटलं, मग ये. 'बाबा, एका बाकासाठी?' मी म्हटलं, नको, तुझी कामं असतील. त्याला काय सांगू, बाक हे नुसतं निमित्त म्हणून?

राहता राहिले हरकतराव. खरं नाव वेगळं, पण गल्ली त्यांना हरकतरावच म्हणते. आमच्या वरच राहतात, एकटेच. त्यांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं, त्यावरून आमचं बोलणं बंद झालं ते किती वर्षं झाली कोण जाणे. बायको जिन्यात त्यांच्याशी बोलायची, मी नाही. ती गेल्यावर त्यांनी कुंड्या आतल्या बाजूला घेतल्या. त्यांच्याकडे मी गेलो नाही.

आणि पुढच्या सभेला कोण यावं? हरकतराव! इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून सचिवबाईंना म्हणतात, 'यांच्या बाकाला विरोध करायला आलोय.' म्हटलं, ठीक आहे, या, दुसरा माणूस तर आला. अध्यक्ष ठरवायची वेळ आली. माझ्या अंदाजानं वयानं तेच मोठे, पण ते ताठ उभे राहून म्हणतात, 'यांनाच बसवा, मी लहान आहे यांच्यापेक्षा.' केस कालच काळे केलेले! मी काही हरकत घेतली नाही.

मी ठराव मांडला. ते ताडकन उठले. 'यांना सांगा, बाक आला की रिकामटेकडे येऊन बसतात.' मी म्हटलं, 'यांना विचारा, कोण?' बाई बिचाऱ्या मधे. मग त्या म्हणाल्या, 'साहेब, तुम्हाला विरोध नाही करता येणार.' 'का?' 'ठरावाला अनुमोदन नाही, तर तो चर्चेलाच येत नाही. चर्चेला न आलेल्याला विरोध कसा नोंदवू?'

हरकतराव लाल. 'म्हणजे मी शर्टाला इस्त्री करून आलो ते फुकट?' बाई म्हणाल्या, 'कोणी अनुमोदन दिलं, तर पुढे तुम्ही विरोधात मत देऊ शकता.' त्यांनी माझ्याकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. मग छाती काढून म्हणाले, 'अनुमोदन मी देतो. विरोध करता यावा म्हणून देतो, असं लिहा.'

मतदान झालं. बाजूनं एक, विरोधात एक, आणि अध्यक्षांचं निर्णायक मत. अध्यक्ष कोण? केस काळे केलेला तो तरुण माणूस नव्हे, मीच!

तर बाक आला, तुम्हाला सांगतो. हिरवा, नवा, रंगाचा वास येणारा. संध्याकाळी जाऊन बसलो, माझ्या नेहमीच्या बाजूला. मांडीवर पिशव्या नाहीत, हात कुठे ठेवायचे कळेना. इतके दिवस बाक यायचा होता, तोवर काहीतरी करायचं होतं, कोणाकडे तरी जायचं होतं. आता बाक आला आणि शेजारी कोणी नाही. फार एकटं वाटलं हो. सरळच सांगतो, लपवून काय करू? औषधवाल्यानं लांबून हात केला, मीही केला, आणि गिऱ्हाईक आलं.

दुसऱ्या दिवशी हरकतराव आले. समोर उभे राहिले. आता मधे बाई नव्हत्या, थेट मलाच म्हणाले, 'बघा, म्हटलं नव्हतं? रिकामटेकडे येऊन बसणार.' म्हटलं, 'अहो, मीच आहे.' 'तेच म्हणतोय.' म्हटलं, 'बसा.' 'माझा विरोध नोंदलेला आहे, मी कसा बसणार?' आणि उभ्याउभ्या किती वेळ बोलले, कुंड्यांचं, गुडघ्यांचं, जिन्यात माझी बायको काय काय सांगायची त्याचं. गेले तेव्हा दिवे लागले होते. तेव्हापासून रोज येतात. रोज उभे. एक पाय दुखला की दुसऱ्यावर भार देतात, पण बसत नाहीत.

म्हणून येत्या सभेला नवा ठराव ठेवलाय, कोपऱ्यावरच्या बाकासमोर उभं राहून बोलणाऱ्यानं बसून बोलावं. सूचक मी. अनुमोदक कोण? हात वर करू नका, तुम्ही आमच्या प्रभागातले नाही, चालत नाही. शिवाय गरजही नाही. हरकतराव विरोधाला येणार म्हणजे येणारच, आणि विरोध करायचा तर आधी अनुमोदन त्यांनाच द्यावं लागणार. म्हणजे जमलंच की. नाहीतरी आयुष्यभर मला अनुमोदन मिळालं ते विरोध करणाऱ्या माणसाचंच.