कॉफीचा नवस

...आणि डोकं? डोकं असं ठणकतंय, तुम्हाला सांगते, जणू आत कोणी उखळात बिया कुटतंय! आमच्या अदिस अबाबात बाई उपाशी राहील, उपास तर आमचे अर्ध्या वर्षाहून जास्त, पण कॉफीवाचून? नवरा म्हणतो, "अगं, एक घोट घे, देव काय कप मोजत बसलाय?" पण नवस म्हणजे नवस!

झालं काय, तर आमची कॉफी काही एकटीनं प्यायची नसते. भिंतीवरून हाक मारायची, "कॉफी प्यायला या गं!" की शेजारची लेतेकिदान येणार, झेर्फा येणार... तीन वेळा उकळायची, तिसरा कप आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. त्या दिवशी टीव्हीवर उत्तरेतली लढाई चाललेली, आणि झेर्फा, जिभेला हाड नाही, लेतेकिदानला म्हणाली, "तुमच्याच माणसांनी केलंय हे!" तुमच्या? लेतेकिदान तिकडची, उत्तरेतल्या तिग्रायची खरी, पण जन्मली याच गल्लीत, माझ्या तीन बाळंतपणांत तिनंच मला लापशी भरवली! आणि माझी आई ओरोमो, बाप अम्हारा, नवरा गुरागे... मग मी कोणाची, सांगा! मी "झेर्फा!" म्हणून ओरडले, तोवर लेतेकिदान उठली. दुसऱ्या कपावरच. आशीर्वाद न घेता!

मग मी येशूच्या आईपुढे, मरियमपुढे डोकं टेकलं आणि बोलून गेले, "आई, लेतेकिदान माझ्या हातची कॉफी पिईल, तोवर मी थेंब घेणार नाही." आमच्या घरचे पाद्री तर कपाळावर हात मारून म्हणाले, "मुली, नवस बोलायच्या आधी मला विचारायचं की नाही? चारचौघींसारखी देवळाला मिरवणुकीची छत्री कबूल करायचीस!" आता काय उपयोग? नवस म्हणजे नवस!

रोज सकाळी बिया भाजायच्या, धूप घालायचा, भिंतीवरून हाक मारायची... पलीकडून नुसता नळाचा आवाज. मारत राहिले हाक. दुसरं होतं काय हातात?

आणि काल आली! दारातूनच ओरडली, "काय गं बये, माझ्यापायी डोकं धरून बसलीस म्हणे? लहान आहेस का?" मी रडले, हसले, कॉफी ओतली. तिनं कप उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले... आणि खाली ठेवला.

"रागावू नकोस," म्हणाली. "तिग्रायात, मेकेलेला माझा भाऊ आहे. तिकडचे फोन बंदच आहेत. त्याचा आवाज ऐकेपर्यंत कॉफी सोडलीय मी. मरियमलाच बोललेय."

आता हिला काय सांगू, की एक घोट घे, मरियम कप मोजत बसलीय का? नवस म्हणजे नवस!

आज सकाळी दोघी मांडीला मांडी लावून बसलो. बिया भाजल्या, कुटल्या, उकळल्या. लागेल हो फोन, मला खात्री आहे, मरियम आई ऐकतेच. झेर्फा आली, मान खाली घालून. आधी लेतेकिदानच्या पायाशी बसली, "भावाचं काही कळलं का गं?" म्हणाली, रडली. मग डोळे पुसून तिघींची कॉफी एकटीनं प्याली, आणि वर आम्हालाच म्हणते, "पातळ झालीय... करताना जरा चाखून तरी बघत जा गं बायांनो!"