अनिलच्या रायफलचा ट्रिगर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही ताई, बायकोलाही नाही. अनिलच्या रायफलीतून जी गोळी सुटली, जी माझ्या कानाजवळून गेली, ती अनिलने झाडलेली नव्हती. ती माझ्यामुळे सुटली. हे जसंच्या तसं लिहा. मागाहून मी म्हणेन की जरा मऊ करा, तर ऐकू नका.

आम्ही मूळचे रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. वडील तिथल्या सिनेगॉगचे हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे, आणि लोकांची कोंबडी-बकरी कापायचं कामही त्यांच्याचकडे. कापायच्या आधी सुरीची धार ते नखावरून फिरवायचे, अशी, सावकाश, पुढे आणि मागे. नखाला बारीकशी खाच लागली की सुरी बाजूला, पुन्हा दगडावर. मला म्हणायचे, तू फिरव, लागतं का काही? लागतं म्हटलं की खूश. खाच राहिली तर जनावराला यातना, आणि ते मांस आम्हाला वर्ज्य. काय सांगू तुम्हाला, गुळगुळीत म्हणजे चांगलं, खरखर म्हणजे पाप, हे माझ्या नखात बसलं ते बसलंच. पुढे फिटर झालो, देश सोडून इकडे आलो, वॉन गावी एका मशीन शॉपमध्ये लागलो, तिथेही माझ्या हातच्या फिनिशिंगचं नाव होतं.

तुम्ही विचाराल, मग शिकारीला कसे गेलात? शिकारीचं मांस मी खात नाही. गोळीने मेलेलं आम्हाला चालत नाही, बायको, रिबेका, तर म्हणते त्याची पिशवीसुद्धा माझ्या फ्रीजला लागता कामा नये. मी जातो जंगलासाठी आणि अनिलसाठी. अनिल नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, शेजारच्या गल्लीत राहतो. बंदुकीच्या लायसन्सचा कोर्स दोघांनी बरोबर केला.

त्याने रायफल घेतली ती दुकानातली सगळ्यात स्वस्त बोल्ट-अ‍ॅक्शन. मी हसलो. प्लास्टिकचा दस्ता, बोटाने टिचकी मारली तर डब्यासारखा वाजतो, बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा, मागे ओढला तर वाळूतून ओढल्यासारखा. अनिल म्हणाला, हसून घे बे, रेंजवर बघू. रेंजवर शंभर मीटरवरून त्याने तीन गोळ्या मारल्या, आणि तिन्ही भोकं एका लूनीखाली झाकली, लूनी म्हणजे आपलं इथलं डॉलरचं नाणं. कंपनीने काय केलं होतं, सगळा खर्च नळीत घातला होता, दस्ता आणि दिखावा यांत वाचवला होता. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ते शहाणपण होतं. एकच गोष्ट खटकायची, ट्रिगर. जड, आणि ओढताना आत कुठेतरी खरखर. मी म्हटलं दे, बघतो. तर अनिल म्हणाला, नाही सॅम्या, ट्रिगरला हात नको लावू, कंपनीने सेट करून दिलाय. तू फक्त दुर्बीण नीट बसवून दे.

दुर्बिणीसाठी रायफल माझ्या बेसमेंटमध्ये आली. दुर्बीण बसवली. आणि मग ट्रिगर उघडला. का उघडला? मला कोणी सांगितलं होतं? आतले दोन तुकडे एकमेकांना धरून असतात, ती पकड सुटली की गोळी सुटते, त्यांच्या कडा मी घासल्या, नख फिरवलं, पुन्हा घासल्या, नखाला काही लागेना तेव्हाच थांबलो. त्या कडेचं कामच मुळी धरून ठेवायचं होतं ताई, आणि मी ती सुरीसारखी केली. अनिलला बोललो नाही. पुढच्या वेळी रेंजवर तो म्हणाला, वा, ट्रिगर कसा लोण्यासारखा झाला, वापरून वापरून बसला वाटतं. मी मान हलवली. आतून किती सुखावलो होतो म्हणून सांगू.

मग नोव्हेंबर, वर उत्तरेला, हरणांचा सीझन. सकाळची थंडी, दोघांनी नारिंगी जॅकेटं, नारिंगी हातमोजे. अनिल रायफल भरत होता, नळी बाजूला झाडांकडे होती. नियम तोडला तो मी, पायाखालचा बर्फ घसरट म्हणून चार पावलं टाकत त्याच बाजूला गेलो, आणि वळून त्याच्याकडे बघतोय तोवर त्याने बोल्ट खटकन पुढे ढकलला, त्याची मूठ खाली दाबली, आणि गोळी सुटली. माझ्यामागच्या बर्चच्या झाडाची साल उडून मानेवर पडली. मी बघत होतो ताई. त्याचं ट्रिगरचं बोट सरळ होतं, दस्त्यावर, दुरूनही दिसावं इतकं नारिंगी. तो गुडघ्यावर बसला आणि रडायला लागला, मरून गेला असता ना बे तू, मोज्यात बोट अडकलं माझं, मीच मारलं असतं तुला. मी म्हटलं, उठ, काही झालं नाही. त्या क्षणी बोलायला हवं होतं, पण भीतीने माझं तोंड उघडेना, आणि ती भीती गोळीची नव्हती.

घरी रिबेकाने एलियाहू हनाबीचा, आमच्या प्रेषिताच्या नावाचा, मालिदा केला, नवरा वाचला म्हणून. गोड पोहे, खोबरं, फळं. अनिलला बोलावलं. त्याने ताट दोन्ही हातांनी धरलं आणि रिबेकाला म्हणाला, वहिनी, मला खायचा हक्क नाही. ती म्हणाली, भावजी, हात देवाचा, खा. मी शेजारी बसून आमेन म्हणत होतो.

त्यानंतर अनिलने रायफलीला हात लावला नाही. गेल्या महिन्यात म्हणाला, विनिपेगचा मेहुणा मागतोय, त्याच्याकडे लायसन्स आहे, देऊन टाकतो, रायफल बिचारी चांगली आहे, दोष माझ्या बोटाचा. त्या मेहुण्याला दोन लहान मुली. मी म्हटलं, त्याला नको, मला दे. रीतसर माझ्या नावावर कर. अनिल म्हणाला, जी तुला मारणार होती ती तू घरात ठेवतोस, माझ्या डोळ्यांसमोरून जावी म्हणून? सॅम्या, एवढं मोठं मन कुठून आणतो बे? आणि मी, मी त्याला तसंच वाटू दिलं.

आता ती खाली कुलपात आहे, बोल्ट वेगळा काढून ठेवलाय, गोळ्या घरात नाहीत. दुसरा ट्रिगर बसवेन एखाद्या जाणकाराकडून, त्याची भीती नाही. भीती अनिलच्या फोनची आहे. रोज येतो, रोज विचारतो, बरा आहेस ना. देव त्याला सुखी ठेवो.

मी त्याला एक वाक्य देणं लागतो. अनिल, तुझं बोट ट्रिगरवर नव्हतं. ते अजून दिलेलं नाही.