बरणीतली घोणस

सन्माननीय अध्यक्ष गोकुळदासबाब, मुख्याध्यापक अविनाश सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सुमंगलाबाई आणि समोर बसलेल्या धारगळच्या माझ्या माणसांनो, सर्वांना गंगाचा नमस्कार.

आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या विज्ञानाच्या तासांबद्दल भरभरून सांगितले. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. मी साखळीहून लग्न होऊन आलेली. तरी बाईंनी मला जे दिले, ते इथे आणखी कोणाला मिळाले असेल का?

गोवा राज्य झाले त्या वर्षीचा काजूचा हंगाम. काय दिवस होते ते! सगळ्या डोंगराला बोंडांचा वास. मला सहावा महिना, तरी घरात बसवेना. बोंडे वेचताना पाल्यात मोठ्याने फुसकारा झाला आणि घोट्याला काहीतरी चावले. माझे सासरे दादू धावत आले. त्यांनी काठीने जनावर मारले, उलटून पाहिले आणि चक्क हसले.

"भियां नको गे. आजगराचा पिल्लू ता, तेका विख नाय."

हळद लावून मला झाडाखाली बसवले. आपल्याकडे ही चूक किती घरांत झाली असेल!

ओरडा ऐकून शेजारच्या घरातून बाई आल्या. साप बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"दादूकाका, आजगराची नक्षी म्हणजे ठिगळांची गोधडी. हिच्या पाठीर साखळयेच्या कड्या बघा. ही घोणस! उंदरांच्या वासान आयली आसतली."

बाईंनी घरची लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून डॉक्टरांना दाखवायला साप तिच्यात घातला आणि हमरस्त्यावर आडव्या उभ्या राहून ट्रक थांबवला. म्हापशाला पोचेपर्यंत मामंजी माझा हात धरून रडत होते. मी वाचले. पोटातली प्रतीक्षाही वाचली. ती पाहा, दुसऱ्या रांगेत लाजते आहे.

ती बरणी पुढे शाळेत आली. दरवर्षी बाई मुलांना दाखवायच्या: घोणस अंडी घालत नाही, पिल्लेच देते, आपली चाहूल लागली तरी पळत नाही, वेटोळे करून फुसकारते. मीही खिडकीशी उभी राहून ऐकायचे.

परवा कळले, नव्या प्रयोगशाळेत जुन्या बरण्या नेणार नाहीत. सर, बाईंनी मला एकटीला सांगितले होते, त्या घोणशीच्याही पोटात पिल्ले होती. तेव्हापासून तिच्यावरचा माझा राग गेला. तिला उकिरड्यावर टाकलेले मला सोसायचे नाही. येत्या जूनमध्ये प्रतीक्षा आठवीत येईल. बाई नसतील, निदान बरणी तरी असू दे.

मला बोलायला उभे केलेत, उपकार झाले. शब्द कमीजास्त झाला असेल तर घरची म्हणून क्षमा करा. पण अविनाश सर, बरणीचे काय ते आत्ताच सांगा. ऐकल्याशिवाय मी खाली बसायची नाही.