ऑइल पेंटनं लिहिलेलं नाव

माझं गाव कणकवलीच्या वरच्या अंगाला, बाप गिरणीत, मग मी गिरणीत, मग गिरणीच बंद पडली आणि मी भांडुपला एका कारखान्यात पेंटर म्हणून लागलो, पिंपांवर नावं लिहायची, मशीनवर नंबर टाकायचे, अक्षर माझं पहिल्यापासून झकास. म्हणून तर टेकडीवरच्या आमच्या चाळीच्या तोंडाला मंडळाचा जो फळा आहे ना, काळा, पत्र्याचा, तो माझ्या गळ्यात पडला. कुणी गेलं की मी लिहायचं. वर एक पणती काढायची, खाली नाव, बापाचं नाव, आडनाव, प्रेतयात्रा किती वाजता. खडूनं. आणि आमची रीत अशी की तिसऱ्या दिवशी ओलं फडकं मारायचं, कारण फळा लागतो, पाण्याची वेळ लिहायची असते, सत्यनारायण असतो, क्रिकेटच्या मॅची असतात. माणूस पंचवीस वर्षं चाळीत राहिलेला असू दे, तीन दिवस, बस. मी स्वतः कितीजणांना पुसलं, हात कधी थांबला नाही, खोटं कशाला बोलू.

तर विष्णू. माझ्याच खात्यात, माझ्याच खोलीत. खोलीत आम्ही सहा जण, बायकामुलं गावाला. विष्णूचं लग्न नव्हतं, गावी नुसती आई. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, उकाड्यात पण. आम्ही चिडवायचो, काय रे, साहेब होणार काय. तो नुसता हसायचा.

कारखान्यात आम्ही युनियन केली, मालकानं टाळं लावलं, आम्ही गेटवर बसलो. एका सकाळी टेम्पो आला, त्यातून आठ जण उतरले, सळ्या घेऊन, सायकलच्या चेना घेऊन. काय सांगू तुम्हाला, सळी डोक्यावर पडली की आवाज ओला येतो हो, ओला. विष्णूनं माझं मनगट धरलेलं, बोलला हलू नको रे, हलू नको, आपण हललो की सगळे पळतील. आणि मी हात हिसडला आणि नाल्यात उडी मारली. घाणीत छातीपर्यंत उभा होतो आणि बघत होतो. तो पडला तरी मारत होते. त्याचे दात रस्त्यावर होते. त्यातला एक जण दमला, थांबला, घाम पुसला आणि परत मारायला लागला. मी नाल्यात होतो. हे इतकी वर्षं कुणाला बोललो नव्हतो, आज तुम्हाला बोलतोय.

गावाला तार केली. तिकडनं गाववाला निरोप घेऊन आला, म्हातारी बोलली, माका बरा नाय, तेराव्याक येतंय. मला वाटलं, तिनं निदान पोराचं नाव तरी बघावं. खडूचं काय राहणार तोपर्यंत. म्हणून मी ऑइल पेंटनं लिहिलं. पांढऱ्या. दोन हात मारले.

तिसऱ्या दिवशी बबन फडकं घेऊन आला. बबन मंडळाचा सेक्रेटरी, माझा दोस्त, त्याच्या बायकोच्या हातचं आम्ही खोलीवाले कितीदा जेवलेलो. फडकं मारलं तर निघेना. बोलला, अरे काय यार, फळ्याची वाट लावलीस. मी बोललो, तेराव्यापर्यंत राहू दे, त्याची आई येणार आहे. बरं बोलला. पण पाण्याची वेळ बदलली, ती लिहायला जागा नाही, बायकांचे हंडे रिकामे राहिले, रोज त्याच्या दाराशी भांडण. आणि आमच्या खोलीत सहाव्या दिवशी विष्णूच्या जागेवर नवा माणूस आला. त्याचा शर्ट घालून फिरत होता. बटण उघडं.

दहाव्या दिवशी दुपारी मी वर चढलो तर बबन स्टुलावर उभा राहून पटाशीनं नाव खरवडत होता. मी स्टुलाला लाथ घातली, तो पडला, पटाशी उचलली आणि त्याच्यावर बसलो. पहिला घाव खांद्यावर, दुसरा भुवईवर, तिसरा डोळ्यात. डोळ्यातून आधी पाणी आलं, मग रक्त. तो ओरडत होता आणि मी हसत होतो असं लोक सांगतात. मी कुणाला मारत होतो? त्या आठ जणांना, की नाल्यातल्या त्या माणसाला? बबनला तर नाही, पण डोळा बबनचा गेला.

तीन वर्षं आत होतो. सुटून आलो तर फळा नवा. चाळीत त्या दिवसाला फळ्याची मारामारी बोलतात. का झाली विचारलं तर कुणी सांगतो पाण्यावरून, कुणी सांगतो बाईवरून. विष्णूचं नाव एकाच्या तोंडी नाही. आणि मी तरी काय? विष्णूला आठवायला गेलो की बबनचा रक्तानं भरलेला चेहरा येतो. विष्णूचं नुसतं ते बटण दिसतं. मीच त्याला घालवला, फळ्यावरून नाही, माझ्या डोक्यातून.

गेल्या वर्षी त्याचा दिवस आला. खडू घेतला, पणती काढली, विष्णू लिहिलं आणि हात थांबला. बापाचं नाव आठवेना! ह्याच हातानं लिहिलेलं, दोन हात मारून. तसाच उभा राहिलो. मागनं बबन आला, काळा चष्मा. आम्ही बोलत नव्हतो. मला वाटलं मारतो आता, आणि खरं सांगू, मारावं असं वाटत होतं.

तो बोलला, सहदेव.

पुढं बोलला, विष्णू खरवडून झालं होतं, सहदेववर पटाशी टेकवली आणि तू आलास. ह्या डोळ्यानं शेवटचं तेच वाचलंय रे, कसा विसरू. मग बोलला, म्हातारी आली होती तेराव्याला. माझ्या बायकोनं जेवायला घातलं. तिला वाचता येत नव्हतं, राहिलेल्या अक्षरांवर हात फिरवत बसली.

मी सहदेव लिहिलं, घाडी लिहिलं. तिसऱ्या दिवशी बबन ओलं फडकं घेऊन आला, माझ्या हातात दिलं, मी पुसलं. यंदाही तसंच केलं. चाळीत विष्णू कोण होता ते आता बबनला ठाऊक, दुसऱ्या कुणाला नाही. मी देवाकडे एवढंच मागतो, त्याचा राहिलेला डोळा शाबूत ठेव.